जुन्या कॅमेऱ्यावर पहिले धडे

फोटोग्राफी शिकायची म्हणून कॅमेरा घ्यायला निघालात की दुकानदार, मित्रमंडळी आणि यूट्यूब, सगळे नवा मिररलेस घ्यायला सांगतात. पैसे हाताशी असतील तर तो घ्यायला हरकत नाही. पण शिकणाऱ्यासाठी आजच्या घडीला सगळ्यात चांगला सौदा वेगळाच आहे, असं माझं ठाम मत आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीचा, कुणीतरी हौसेने घेतलेला आणि मग बाजूला पडलेला, सगळ्यात खालच्या श्रेणीतला डीएसएलआर घ्यावा. निकॉनचा डी३२०० किंवा डी३३००, कॅननचा १२००डी किंवा १३००डी. मधल्या किमतीच्या नव्या मोबाइलला लागतात त्याहून कमी पैशांत हा लेन्ससकट घरी येतो. फक्त तो घेताना काय बघायचं आणि आणल्यावर पहिले काही महिने त्याच्याकडून काय शिकून घ्यायचं, हे ठाऊक हवं.

हे कॅमेरे सेकंडहँड बाजारात एवढे आले कुठून, ते आधी पाहू. २००३ साली कॅननने ३००डी काढला. लेन्सशिवाय त्याची अमेरिकेतली किंमत ८९९ डॉलर होती. हजार डॉलरच्या आत आलेला तो पहिला डीएसएलआर. तोवर असा कॅमेरा वर्तमानपत्रांच्या फोटोग्राफरांकडे नाहीतर मोठ्या स्टुडिओवाल्यांकडेच दिसायचा. निकॉनने २००४ मध्ये डी७० आणि २००६ च्या अखेरीस छोटासा डी४० आणला, आणि मग दोन्ही कंपन्यांची चढाओढच लागली. निकॉनचे डी३१०० (२०१०), डी३२०० (२०१२), डी३३०० (२०१४), डी३४०० (२०१६), डी३५०० (२०१८). कॅननचे ११००डी (२०११), १२००डी (२०१४), १३००डी (२०१६), १५००डी (२०१८). आपल्याकडे कुणी बाळाच्या बारशाला, कुणी लडाखच्या सहलीसाठी, कुणी मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला म्हणून हे कॅमेरे घेतले. पुढे मोबाइल सुधारले, कंपन्या मिररलेसकडे वळल्या, निकॉनची ही मालिका डी३५०० वर थांबली. मागणी आटली, भाव उतरले. मालात मात्र खोट आली नाही.

‘एवढ्या जुन्या सेन्सरवर फोटो बरे येतील का?’ ही शंका सगळ्यांनाच येते. साधा हिशोब करून बघा. आठ बाय बारा इंचाचा फोटो इंचाला ३०० ठिपके या दराने छापायचा, तर २४०० गुणिले ३६००, म्हणजे साधारण ८६ लाख पिक्सेल लागतात. डी३१०० मध्ये १ कोटी ४२ लाख आहेत आणि डी३२०० मध्ये २ कोटी ४२ लाख. भिंतीवर लावायच्या फोटोलाही ते पुरून उरतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सेन्सरचं क्षेत्रफळ. या निकॉन कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे साडेतेवीस बाय साडेपंधरा मिलिमीटरचा असतो आणि कॅननचा त्याहून जरासा लहान. म्हणजे साडेतीनशे चौरस मिलिमीटरच्या आसपास जागा. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात ही जागा लहान सेन्सर असेल तर पंचवीस आणि बऱ्यापैकी मोठा असेल तर सत्तर चौरस मिलिमीटरच्या घरात असते. महागड्या फोनांत ती आणखी वाढते, पण तरी बरोबरी होत नाही. जास्त जागा म्हणजे जास्त उजेड गोळा होणार, आणि शेवटी फोटो उजेडाचाच बनतो.

मात्र एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पहिल्याच दिवशी हिरमोड व्हायला नको. मोबाइल एका क्लिकमध्ये अनेक फोटो टिपून ते एकत्र करतो, सावल्या उजळतो, आभाळ निळं करतो. जुना डीएसएलआर यातलं फारसं काही करत नाही. त्यामुळे घराच्या खिडकीत उभं राहून दोन्हींवर काढलेला फोटो शेजारीशेजारी ठेवला तर सुरुवातीला मोबाइलचाच देखणा वाटेल. डीएसएलआर तुम्ही सांगाल तेवढंच करतो, आणि शिकायला हेच हवं असतं. मोबाइलने काढलेला फोटो चांगला का आला ते कळत नाही. डीएसएलआरवर वाईट आलेला फोटो वाईट का आला, ते आकड्यांसकट फोटोच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं.

शिकण्याच्या दृष्टीने आणखी एक फायदा या कॅमेऱ्याच्या रचनेत आहे. लेन्समधून आलेला उजेड आत तिरक्या बसवलेल्या आरशावर पडतो, वर जातो, आणखी आरशांवरून वळून तुमच्या डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, शटर उघडतं आणि तोच उजेड सेन्सरवर पडतो. म्हणजे व्ह्यूफाइंडरमधून दिसतं ते खरं दृश्य असतं, त्यात स्क्रीन कुठेच नाही. मिररलेसमध्ये आरशाऐवजी स्क्रीन असतो, त्यामुळे फोटो काळा येणार की पांढरा, ते बटण दाबण्याआधीच दिसतं. इथे आधी उजेडाचा अंदाज बांधायचा, मग फोटो काढायचा, मग चुकलेलं बघायचं. काही महिने हे केलं की माणूस खोलीत शिरता शिरता उजेड कुठून येतोय आणि किती आहे ते टिपायला लागतो. ही सवय पुढे कुठल्याही कॅमेऱ्यावर उपयोगी पडते.

आता निकॉन घ्यावा की कॅनन? फोटोच्या दर्जात नवशिक्याला जाणवेल असा फरक नाही. लेन्सच्या बाबतीत मात्र एक खाचखळगा आहे आणि त्यात नवे लोक हमखास अडकतात. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या कॅमेऱ्यांत फोकस फिरवणारी मोटर बॉडीत नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. बाजारात निकॉनची जुनी ५० एमएम एफ/१.८ डी स्वस्त मिळते, म्हणून लोक घेतात, आणि डी३२०० वर लावल्यावर ऑटोफोकस होतच नाही. तुम्हाला लेन्सवर ‘एएफ-एस’ ही अक्षरं दिसायला हवीत. याच्या उलट ‘एएफ-पी’ ही नवी अक्षरं असलेली लेन्स डी३१०० किंवा डी३२०० वर चालत नाही. डी३३०० वर फर्मवेअर अपडेट केल्यानंतर चालते. विकणारा ‘निकॉनची आहे, बसते’ म्हणेल. बसते खरी, पण फोकस करत नाही. कॅननमध्ये ही कटकट जवळजवळ नाही, कारण १९८७ साली ईएफ माउंट आणला तेव्हापासूनच त्यांनी मोटर लेन्समध्ये घातली. जुन्या लेन्स हळूहळू जमवायच्या असतील तर कॅनन सोयीचा पडतो. कॅननमधला ३०००डी मात्र मी सुचवणार नाही. त्याचा लेन्स बसवायचा माउंट धातूऐवजी प्लास्टिकचा आहे आणि वरच्या फ्लॅशच्या खाचेत मधला संपर्कबिंदू नसल्याने दुसऱ्या कंपन्यांचे बरेचसे फ्लॅश आणि ट्रिगर चालत नाहीत. व्हिडिओत आवाजही नीट हवा असेल तर डी३२०० किंवा डी३३०० घ्या, त्यांना बाहेरचा माइक लावायची सोय आहे. डी३४०० आणि डी३५०० मधून निकॉनने ती काढून टाकली.

खरेदी शक्यतो हातात घेऊन, तपासूनच करा. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाझारात कॅमेऱ्यांची आणि दुरुस्तीची दुकानं आहेत. पुणे-नाशिक-कोल्हापूरकडेही जुने कॅमेरे घेणारे-विकणारे दुकानदार भेटतात. दुकानात चार पैसे जास्त जातात, पण बिघाड निघाला तर परत जाता येतं. घरगुती विक्रेत्याकडून घेतलात तर स्वस्त पडतो, मात्र मूळ बिल मागा आणि बॉडीच्या बुडाशी छापलेला सीरियल नंबर खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघा. बिल नाही, खोकं नाही, चार्जरही नाही आणि भाव फारच कमी, असा कॅमेरा मी घेणार नाही.

खरेदीच्या बोलण्यात पहिला प्रश्न येतो ‘शटर काउंट किती?’ हा. शटर म्हणजे हलणारे यांत्रिक पडदे, त्यामुळे ते झिजतात. डी३२०० आणि डी३३०० ची शटर एक लाख क्लिकपर्यंत चाचणी करून दिलेली आहेत. निकॉनमध्ये हा आकडा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये नोंदलेला असतो. विक्रेत्यासमोर एक फोटो काढायचा, कार्डावरून घ्यायचा आणि एक्झिफटूलसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बघायचा. कॅननचे हे छोटे कॅमेरे फोटोत तो आकडा लिहीत नाहीत. तिथे पकडीचं रबर किती गुळगुळीत झालंय, फ्लॅशच्या खाचेचा रंग किती उडालाय, यावरून अंदाज करायचा. लग्नाच्या एका दिवसात हजाराच्या वर फोटो सहज निघतात, त्यामुळे दोन-तीन सीझन राबलेल्या कॅमेऱ्याचा आकडा वाढलेलाच असणार.

इथे आपल्या हवामानात एक उलटी गोष्ट घडते. ‘काका, अगदी कमी वापरलाय हो, कपाटातच होता’ हे वाक्य विक्रेता अभिमानाने म्हणतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात हे वाक्य ऐकलं की मी जास्त सावध होतो. लेन्सच्या आतल्या काचांवर बुरशी चढते ती याच कॅमेऱ्यांत. सापेक्ष आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली, अंधार असला आणि हवा खेळती नसली की बुरशीला आणखी काही लागत नाही. मुंबईत जुलै महिन्यात आर्द्रता ऐंशीच्या वर असते. त्यात कॅमेरा चामडी किंवा कापडी बॅगेत, कपाटाच्या तळाशी, चार पावसाळे पडून राहिलेला. रोज वापरात असलेल्या लेन्सला ऊन आणि वारा मिळतो, तिला बुरशी कमी लागते. म्हणून वीस हजार क्लिक झालेला हिंडता-फिरता कॅमेरा मला दोन हजार क्लिकच्या कपाटातल्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो.

बुरशी तपासायला मोबाइलचा टॉर्च पुरतो. लेन्स बॉडीतून काढा, पुढचं आणि मागचं झाकण काढा. निकॉनची लेन्स काढल्यावर तिच्या आतल्या पाकळ्या मिटलेल्या असतात. मागच्या बाजूला एक छोटी धातूची कळ दिसेल, ती बोटाने हलकेच सरकवून धरली की पाकळ्या उघडतात. कॅननच्या लेन्सच्या पाकळ्या आपसूक उघड्याच असतात. आता सावलीत उभं राहून टॉर्च एका बाजूने तिरका मारा आणि दुसऱ्या बाजूने आत बघा. लेन्स हळूहळू फिरवा, कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ च्या कीट लेन्सचा झूम १८ वर आणि ५५ वर दोन्हीकडे नेऊन बघा, मग उलटी धरून पुन्हा तेच करा. धुळीचे चार-दोन कण दिसतील, त्यांनी फोटोला काही होत नाही. पण काचेच्या कडेपासून आत शिरलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे फुटलेले धागे दिसले तर ती बुरशी. पूर्ण काचेवर धुकट साय दिसली तर तो आतल्या वंगणाचा थर किंवा बुरशीची सुरुवात. बुरशी साफ करता येते, पण तिच्यातून पाझरणारं आम्ल काचेवरचं कोटिंग खातं आणि ते नंतर भरून येत नाही. लेन्समध्ये बुरशी असेल आणि बॉडी चांगली असेल तर बॉडीपुरता भाव करा, १८-५५ ची कीट लेन्स वेगळी सहज मिळते. तीही घेताना निकॉनवर ‘व्हीआर’ किंवा कॅननवर ‘आयएस’ ही अक्षरं शोधा. हाताचा कंप सावरणारी यंत्रणा आतमध्ये असल्याची ती खूण आहे, आणि कीट लेन्स ती असलेली आणि नसलेली अशा दोन्ही प्रकारांत विकली गेली आहे.

बाकी तपासणी भरभर होते. एफ/१६ लावून (या आकड्यांचा अर्थ पुढे येतो) मोकळ्या आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवर धूळ असेल तर राखाडी ठिपके दिसतील; ते साफ होतात, घाबरू नका, भावात मात्र धरा. लेन्सला झाकण लावून काही सेकंदांचा फोटो काढा, कायम चमकणारे लाल-हिरवे बिंदू दिसले तर मोजा. कडक उन्हात आयएसओ १००, एफ/१६ आणि शटर १/१२५ ठेवून एक फोटो घ्या. फिल्मच्या काळापासून चालत आलेला हा ठोकताळा आहे. फोटो बराचसा नीट आला तर शटर आणि पाकळ्या दोन्ही शाबूत आहेत. माउंटवरच्या सोनेरी पिना वाकलेल्या नाहीत ना, फ्लॅश उडतो ना, कार्डाची खाच कार्ड धरते ना, सगळी बटणं लागतात ना, ते बघा. बॅटरी फुगलेली असेल तर बदला. डी३१०० पासून डी३५०० पर्यंत ईएन-ईएल१४ जातीचीच बॅटरी चालते आणि कॅननच्या ११००डी ते १५००डी ला एलपी-ई१० चालते, त्यामुळे ती मिळण्याची चिंता नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारी धूळ फोटोत येत नाही, तिच्यासाठी सौदा मोडू नका.

कॅमेरा घरी आला की कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा आणि व्ह्यूफाइंडरच्या शेजारचं छोटं चाक फिरवून ते आपल्या डोळ्याच्या नंबराशी जुळवा. आतले आकडे स्वच्छ दिसायला लागले की ते जुळलं. हे न केल्यामुळे ‘फोकसच होत नाही’ म्हणून कॅमेऱ्याला दोष देणारे पुष्कळ आहेत. त्यानंतर फोकसचा फक्त मधला बिंदू निवडा. कॅमेऱ्यावर सोपवलं तर तो बहुधा सगळ्यात जवळची वस्तू पकडतो: आजीच्या चेहऱ्याऐवजी तिच्या हातातली वाटी. मधला बिंदू डोळ्यावर ठेवायचा, बटण अर्धं दाबायचं, ते तसंच धरून चौकट जुळवायची आणि मग पूर्ण दाबायचं.

मोडचं चाक हिरव्या ऑटोवरून काढून निकॉनवर ‘ए’, कॅननवर ‘एव्ही’ वर आणा आणि पहिला महिना तिथेच ठेवा. या मोडमध्ये अॅपर्चर तुम्ही ठरवता, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. अॅपर्चर म्हणजे लेन्समधल्या पाकळ्यांनी सोडलेलं भोक. आकडा उलटा चालतो, आकडा लहान म्हणजे भोक मोठं, कारण एफ/४ म्हणजे लेन्सच्या फोकल लांबीचा चौथा भाग, एवढा त्या भोकाचा व्यास. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ या माळेतल्या प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो.

याचा अर्थ हातात कळायचा असेल तर ५० एमएम एफ/१.८ ही एक लेन्स घ्या, तीही जुनी चालेल. निकॉनला एएफ-एस जी, कॅननला एसटीएम. कीट लेन्स ५५ वर नेली की तिचं भोक जास्तीत जास्त एफ/५.६ पर्यंत उघडतं. १.८ आणि ५.६ मधला फरक उजेडाच्या भाषेत जवळजवळ दहापट आहे. संध्याकाळी तुळशीवृंदावनाशी दिवा लावणाऱ्या आईचा फोटो काढायचा आहे. आयएसओ १६०० ठेवून कीट लेन्सवर समजा शटर १/१० सेकंद मिळालं. तेवढ्यात आईचा हात हलणार, फोटो पुसट होणार. त्याच जागी, त्याच उजेडात ५० एमएमवर एफ/१.८ ला शटर १/१०० च्या आसपास मिळतं आणि हात जागच्या जागी थांबतो. मागचं अंगणही धूसर होऊन बाजूला सरतं. मात्र फोकसची खोली इतकी कमी होते की जवळून काढलेल्या चेहऱ्यात एक डोळा स्पष्ट आणि दुसरा मऊ येऊ शकतो. तेव्हा एफ/२.८ वर या. या सेन्सरवर ५० एमएमची चौकट मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरवरच्या ७५ ते ८० एमएमएवढी आवळते, म्हणून लहान खोलीत सगळं कुटुंब मावणार नाही. त्यासाठी कीट लेन्सचं १८ वरचं टोक आहेच.

दुसरा धडा मीटरचा आहे आणि तो शिकायला महाराष्ट्रासारखी जागा नाही. कॅमेऱ्यातला मीटर समोरचं सगळं जग सरासरीने मध्यम करडं आहे असं गृहीत धरून उजेड ठरवतो. आषाढी वारीत दिवे घाटात पालखी चढताना चौकटभर पांढरे सदरे, पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या असतात. मीटरला वाटतं, उजेड फारच आहे. तो फोटो काळवंडवतो, सदरे राखाडी पडतात आणि टोपीच्या सावलीतले सावळे चेहरे तर पार बुडतात. इथे ‘+/−’ चं बटण दाबून धरा आणि चाक फिरवून +१ वर न्या, गरज पडली तर आणखी थोडं. सदरे पांढरे होतील, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दिसतील. काळ्या कातळात कोरलेली लेणी किंवा डबक्यात बसलेली म्हैस टिपताना याच्या उलट, −१ कडे. प्रत्येक वेळी फोटो काढून झाल्यावर हिस्टोग्राम, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाचा आलेख, बघा. तो आलेख उजव्या भिंतीला चिकटून उभा राहिला असेल तर पांढऱ्यातला तपशील गेला. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावरच्या चित्रावर उन्हात विश्वास ठेवू नका, आलेखावर ठेवा.

शटर आणि आयएसओ मग आपोआप उलगडतात. ५० एमएमवर हातात धरून फोटो काढताना १/८० पेक्षा खाली शक्यतो जाऊ नका; लेझीम खेळणारी मुलं थांबवायची तर १/५०० लागतं; पावसाळी धबधब्याचं पाणी रेशमासारखं हवं असेल तर ट्रायपॉडवर पाव सेकंद. उजेड कमी पडला की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता, वाढवायचा. या कॅमेऱ्यांत १६०० पर्यंत निश्चिंत राहा, ३२०० वर दाणे दिसतात, ६४०० अगदीच नाइलाज झाल्यावर. दाणेदार पण स्थिर फोटो हा गुळगुळीत पण हललेल्या फोटोपेक्षा केव्हाही बरा.

थोडा हात बसला की जेपीईजीसोबत रॉ फाइलही साठवायला लागा. सेन्सरला स्वतःला रंग कळत नाहीत, तो फक्त उजेड मोजतो. त्याच्यावर लाल, हिरव्या, निळ्या चौकोनांची जाळी बसवलेली असते, निम्मे हिरवे आणि उरलेले लाल-निळे समसमान. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी ही मांडणी शोधली आणि १९७६ साली तिला पेटंट मिळालं. या जाळीतून मोजलेला कच्चा उजेड म्हणजे रॉ. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या उरतात, तर डी३२०० च्या बारा बिटांच्या रॉमध्ये ४०९६. म्हणून सावलीत बुडालेला चेहरा रॉमधून बराचसा वर काढता येतो, जेपीईजीतून काढायला गेलं तर डाग पडतात. सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि सगळ्यांना चालणारं डार्कटेबल, तिन्ही फुकट आहेत.

पावसाळ्यासाठी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि शे-दोनशे रुपयांचा छोटा आर्द्रतामापक एवढं पुरे. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये राहायला हवा. नारिंगी रंगाची सिलिका घ्या, ओलावा शोषला की ती हिरवी पडते. निळ्या सिलिकेत कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. हिरवी झालेली सिलिका वेगळ्या भांड्यात मंद आचेवर तापवली की पुन्हा कामाला येते. बॅग सहलीपुरती वापरा, कॅमेरा तिच्यात साठवू नका. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून थोडे फोटो काढले, तर सिलिकेइतकाच उपयोग त्याचाही होतो.

आता एक विनंती, ज्यांना कॅमेरा घ्यायचा नाही पण ज्यांच्या घरी तो पडून आहे त्यांना. तुमच्या कपाटात २०१२-१५ च्या सुमाराचा डीएसएलआर असेल तर आज तो बाहेर काढा, लेन्समध्ये टॉर्च मारून बघा, बॅटरी चार्जिंगला लावा. चालू असेल आणि तुम्ही वापरणार नसाल तर पुढच्या पावसाळ्याआधी तो विका. विकायचा नसेल तर शिकू पाहणाऱ्या भाचीला, पुतण्याला, शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला देऊन टाका, आणि सोबत चार्जर द्यायला विसरू नका.